बर्फावरची बम्बार्डियर

मुंबईच्या उपनगरी प्रवाशांना ‘बम्बार्डियर’ हे नाव चांगले परिचयाचे आहे. मार्च २०१५ पासून ज्या नव्या लोकल गाड्या धावू लागल्या, त्यांचे डबे चेन्नईच्या कारखान्यात तयार झाले होते; पण त्यांची विद्युत यंत्रणा बम्बार्डियर कंपनीची होती आणि लोकांनी गाडीलाच ते नाव देऊन टाकले. पुढे २०२१ मध्ये या कंपनीचा रेल्वे व्यवसाय अल्स्टॉमकडे गेला. मात्र हे नाव मुळात एका माणसाचे आहे आणि त्याने बांधलेल्या पहिल्या गाड्यांचा रुळांशी काहीही संबंध नव्हता. त्या बर्फावर चालणाऱ्या गाड्या होत्या. त्यांपैकी शिल्लक राहिलेल्या गाड्या कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील काही हौशी मंडळी आज गोठ्यांतून, कोठारांतून, क्वचित एखाद्या तळ्याकाठच्या झुडपांतून शोधून काढतात आणि वर्ष-दोन वर्षे खपून पुन्हा चालत्या करतात. जुन्या मोटारींचा छंद आपल्याकडेही आहे. पण जुन्या हिमगाडीचे काम त्याहून निराळे आहे. लाकूड, रबर आणि लोखंड या तीन वस्तू तिथे एकत्र येतात, तिन्ही वेगवेगळ्या प्रकारे कुजतात, आणि प्रत्येकीच्या बाबतीत ‘जुने किती ठेवायचे’ या प्रश्नाचे उत्तर वेगळे द्यावे लागते.

त्यासाठी आधी ही गाडी का जन्मली हे समजून घेतले पाहिजे. जोसेफ-आर्मां बम्बार्डियर (फ्रेंच उच्चार ‘बोंबार्दिए’च्या जवळचा) यांचा जन्म १९०७ चा, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वाल्कूर या गावचा. पंधराव्या वर्षी, १९२२ च्या अखेरच्या दिवशी, या मुलाने फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचे इंजिन एका घसरगाडीवर बसवले, मागे विमानासारखा पंखा लावला आणि भावाला बरोबर घेऊन ते धूड गावातून पळवले. उघड्या पंख्याचा धोका ओळखून वडिलांनी ते ताबडतोब मोडायला लावले. वडिलांचे चुकले असे कोणी म्हणणार नाही. पुढे १९२६ मध्ये या तरुणाने गावातच मोटारदुरुस्तीचे गॅरेज काढले. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात बर्फावरच्या गाडीचे प्रयोग करायचे, असा त्याचा क्रम होता.

त्या काळी क्वेबेकच्या ग्रामीण भागातले रस्ते हिवाळ्यात साफ केले जात नसत. पहिला मोठा बर्फ पडला की मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवायच्या आणि वसंतापर्यंत घोड्याच्या घसरगाडीवर भिस्त ठेवायची. १९३४ च्या हिवाळ्यात बम्बार्डियर यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आंत्रपुच्छाच्या दाहाने आजारी पडला. रोग पोटभर पसरला. इस्पितळ शेरब्रूक शहरात होते, पन्नासेक किलोमीटरवर. रस्ते बर्फाने बुजलेले होते आणि मूल दगावले. प्रयोग आधीपासूनच चालू होते, त्यामुळे या दुःखातून शोधाची कल्पना सुचली असे सांगणे नाटकी ठरेल. पण त्यानंतर दीड-दोन वर्षांतच त्यांच्या गाडीच्या चालीचा मुख्य प्रश्न सुटला. १९३७ च्या जून महिन्यात त्यांना त्याचे पेटंट मिळाले.

प्रश्न काय होता? साधी मोटार बर्फात रुतते, कारण तिचे सगळे वजन चार टायरांच्या तळहाताएवढ्या टेकणीवर येते. समजा, दोन हजार किलोची गाडी आहे आणि चारही टायर मिळून सहाशे चौरस सेंटिमीटर जागा व्यापतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तीन किलोहून अधिक भार पडला. तेच वजन दोन चौरस मीटरच्या पट्ट्यांवर आणि घसरपट्ट्यांवर पसरले, तर तो भार दहाव्या हिश्शाच्या किलोवर, म्हणजे उभ्या माणसाच्या पावलाखालच्या भारापेक्षाही खाली येतो. हे तत्त्व नवे नव्हते. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम करणाऱ्या आदोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने लवचिक रबरी पट्टा असलेली गाडी आधीच बनवली होती. क्रांतीनंतर तो मायदेशी परतला आणि त्याच पट्ट्यांच्या सित्रोएन गाड्यांनी १९२२-२३ मध्ये सहारा वाळवंट ओलांडले. वाळूत जमलेले बर्फात मात्र सहज जमत नाही. बर्फ दाबाखाली घट्ट होतो, चाक आणि पट्टा यांच्या फटीत साचतो, गोठून दगड होतो आणि पट्टा उतरवतो किंवा तोडतो. शिवाय नुसत्या घर्षणावर चालणारा पट्टा ओला झाला की घसरतो.

बम्बार्डियर यांनी ओढ देणारे चाक दातेरी केले, त्याला रबराचे आवरण दिले, आणि रबरी पट्टे पोलादी आडव्या पट्ट्यांनी जोडून त्यांत ते दाते अडकवले. पट्टा आता घसरू शकत नव्हता, आणि रबर वाकत राहिल्यामुळे बर्फ त्यावर घट्ट धरून राहत नव्हता. पुढे सुकाणूला जोडलेल्या दोन घसरपट्ट्या, मागे हे पट्टे, आणि इंजिन पाठीमागे, अशी ती रचना होती. बर्फ पातळ असेल तर पुढे घसरपट्टीऐवजी चाक लावता येई. सात माणसांची ‘बी-७’ प्रथम आली. १९४२ मध्ये कंपनी रीतसर स्थापन झाली, त्याच सुमारास बारा माणसांची ‘बी-१२’ आली, आणि पुढे शाळकरी मुलांसाठी त्याहून मोठी ‘सी-१८’. डॉक्टरांनी ती घेतली, टपाल खात्याने घेतली. रुग्णवाहिका म्हणून, शाळेची बस म्हणून, इतकेच काय शववाहिका म्हणूनही ती वापरली गेली. १९४८ मध्ये क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्ते हिवाळ्यातही साफ ठेवण्याचा कायदा केला आणि या गाडीची मागणी झपाट्याने घसरली. ज्या अडचणीवर उपाय म्हणून गाडी आली, ती अडचणच सरकारने दूर केली होती. मागे उरलेल्या गाड्या जिथे रस्ताच नाही अशा ठिकाणी गेल्या: लाकूडतोडीच्या छावण्यांवर, विजेच्या तारांच्या देखभालीवर आणि गोठलेल्या सरोवरांवर मासेमारीला.

आज हौशी माणसाच्या हाती जी गाडी लागते ती बहुधा युद्धानंतरची बी-१२ असते. तिची पहिली पाहणी खालून वर करायची असते. रंग, काचा, आसने यांकडे डोळा लगेच जातो. पण पैसा आणि वेळ खाणारे भाग तळाशी असतात. सांगाड्याचे लोखंड किती गंजले आहे, दातेरी चाकांचे रबर उरले आहे का, पट्ट्यांतील पोलादी आडपट्ट्या वाकल्या आहेत की तुटल्या आहेत, हे पाहिल्याशिवाय गाडीची किंमत करू नये. पट्टेच नसलेली गाडी स्वस्तात मिळते आणि शेवटी फार महाग पडते.

रबराचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. सत्तर वर्षांचे रबर कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात, आणि वरून शाबूत दिसणारा पट्टा आतल्या धाग्यांच्या थरांतून सुटलेला असतो. असा पट्टा कोठारात धक्का देण्यापुरता चालेल. गोठलेल्या सरोवराच्या मध्यावर तो तुटला तर परत चालत यावे लागेल, तेही उणे तीस अंशांत. म्हणून पट्टा नवा करण्याला पर्याय नसतो. खाणींत माल वाहून नेणारे जे जाड कन्व्हेयर पट्टे असतात, तसा पट्टा योग्य रुंदीला कापून, त्याला जुन्या आडपट्ट्या नव्या बोल्टांनी जोडणे हा एक रूढ मार्ग आहे. येथे एक सूक्ष्म बाब ध्यानात ठेवावी लागते. सगळी रबरे थंडीत सारखी वागत नाहीत. नैसर्गिक रबर उणे चाळीसच्याही बरेच खालपर्यंत लवचिक राहते; काही कृत्रिम मिश्रणे आणि प्लास्टिके त्याच्या कितीतरी आधी ताठरतात. उन्हाळ्यात हाताला मऊ लागणारा स्वस्त पट्टा जानेवारीत लाकडाच्या फळीसारखा होऊ शकतो. दातेरी चाकांचे रबर साच्यात घालून पुन्हा चढवून घ्यावे लागते. आडपट्ट्यांमधले अंतर आणि दात्यांमधले अंतर यांचा मेळ पूर्ण वेढ्यावर बसला पाहिजे. दर जोडामागे दोन मिलिमीटरची चूक झाली, तरी पन्नास जोडांनंतर ती दहा सेंटिमीटरची होते आणि दाते पट्ट्यावर चढू लागतात.

माझ्या मते या गाडीत प्राण जर कुठे असेल तर तो इथे आहे. काही जण जुने दातेरी चाक काढून टाकून आधुनिक बर्फ-ट्रॅक्टरची तयार पट्टायंत्रणा खाली बसवतात. ती चालते उत्तम, कटकटही कमी. पण मग ती गाडी बम्बार्डियरच्या आकाराची एक पेटी उरते. पेटंट ज्या गोष्टीला मिळाले ती गोष्टच तिच्यात नसते.

इंजिनाच्या बाबतीत मी इतका कडवा नाही. युद्धापूर्वीच्या गाड्यांत फोर्डचे व्ही-८ इंजिन असे. युद्धोत्तर बहुतेक बी-१२ गाड्यांत क्रायस्लरचे सहा सिलिंडरांचे ‘फ्लॅटहेड’ इंजिन आढळते. फ्लॅटहेड म्हणजे ज्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला, ब्लॉकमध्येच उभे असतात. त्यामुळे वरचे झाकण सपाट. हे इंजिन ताकदीला बेताचे, पेट्रोल पिणारे, पण अतिशय सोशिक. क्रायस्लरने या कुळातली इंजिने मोटारी, ट्रक, कापणीयंत्रे, वेल्डिंगचे संच अशा कितीतरी ठिकाणी वापरली, म्हणून त्यांचे सुटे भाग आजही सापडतात. आणि इथे आपला एक जुना धागा जुळतो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो गाड्यांची जुळणी सुरू केली. त्या काळच्या प्लायमाउथ आणि डॉज गाड्यांत याच कुळातले सहा सिलिंडरांचे इंजिन होते. जुन्या डॉजचे इंजिन ज्याने कधी खोलले आहे, त्या मुंबईच्या मेकॅनिकला बी-१२ चे मागचे झाकण उघडल्यावर फारसे परके वाटणार नाही.

वर्षानुवर्षे बंद पडलेल्या इंजिनात दोन आजार नेहमीचे. पहिला, दट्टे सिलिंडरला गंजून धरलेले असणे. अशा वेळी उतावीळ माणूस बॅटरी लावून स्टार्टर मारतो किंवा दुसऱ्या गाडीने ओढतो, आणि रिंगा मोडून बसतो. स्पार्क प्लग काढून गंज सोडवणारे पातळ तेल ओतायचे, दोन-चार दिवस वाट पाहायची, मग क्रँक हाताने थोडा पुढे, थोडा मागे हलवून पाहायचा, हाच शहाणपणाचा मार्ग. आठवडाही लागू शकतो. दुसरा आजार अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या हवेत सहसा दिसत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. शेवटच्या मालकाने हिवाळ्याआधी ब्लॉकमधले पाणी सोडले नसेल, तर ओतीव लोखंडाच्या भिंतीला तडा गेलेला असतो. ओतीव लोखंड वेल्डिंगला नाठाळ. नीट तापवून हळूहळू थंड न केल्यास शेजारीच नवा तडा जातो. म्हणून तड्याच्या रेषेवर ओळीने छिद्रे पाडून त्यांत धातूचे आटे बसवत जाण्याची, अक्षरशः टाके घालण्याची पद्धत वापरतात. त्यासाठी कसबी टर्नर हवा.

विजेची व्यवस्था त्या काळी बहुधा सहा व्होल्टची असे, आणि क्रायस्लरच्या गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, म्हणजे आजच्या उलट. तेवढीच शक्ती सहा व्होल्टवर घ्यायची तर विद्युतप्रवाह बारा व्होल्टच्या दुप्पट लागतो, आणि तारेतला नाश प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे चौपट वाढतो. त्यामुळे आजच्या बारीक वायरी घालून केलेली ‘दुरुस्ती’ स्टार्टरला जेवढा प्रवाह हवा तेवढा पोचूच देत नाही आणि बिचाऱ्या जुन्या स्टार्टरला दोष मिळतो. त्यात कडक थंडीत बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि तेल काकवीसारखे घट्ट होते. जाड तारा, स्वच्छ सांधे आणि पातळ तेल एवढ्याने पुष्कळ काम होते. ज्याला गाडी खरोखर वापरायची आहे त्याने बारा व्होल्ट केले, किंवा वेगळे इंजिन बसवले, तरी मला त्यात पाप दिसत नाही. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९५५ पासून या गाड्यांनी पर्यटक नेले आणि पुढच्या काळात धुराचे नियम कडक झाल्यावर काहींमध्ये आधुनिक इंजिने बसली. तसे झाले नसते तर त्या तिथे त्यानंतर धावूच शकल्या नसत्या. अट एकच: जुने इंजिन भंगारात न देता ठेवून द्यावे, आणि नवे बसवण्यासाठी सांगाडा कापू नये.

लाकडाचे काम सुताराचे, पण साध्या सुताराचे नव्हे. लाकडी चौकटीवर वळवलेले प्लायवूड आणि त्यात ओळीने गोल खिडक्या, हा बी-१२ चा ओळखीचा चेहरा. गोल भोकाला कोपरा नसतो, म्हणून प्लायवूडला तडा जाण्याची नेहमीची जागाही नसते. तरी खिडक्यांच्या खालच्या कडेशी आणि जमिनीलगत पाणी मुरतेच. टोचा घेऊन दर वीतभर अंतरावर टोचून पाहिले की कुजके कुठे ते कळते. जाड फळी वळवण्याचा हट्ट न धरता पातळ फळ्यांचे दोन-तीन थर साच्यावर सरसाने चिकटवत जावे, वळण टिकते. सरस सुकायला ऊब लागते, म्हणून लाकडाचे काम उन्हाळ्यात उरकावे लागते. जुना रंग खरवडताना मात्र तोंडाला चांगला मुखवटा हवा, कारण त्या काळच्या रंगांत शिसे असे.

जुन्या वाहनांच्या हौशी संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघाने, ‘फिवा’ने, २०१२ मध्ये ‘ट्यूरिन सनद’ तयार केली. तिचे सांगणे थोडक्यात असे की, जितके कमी बदलता येईल तितके कमी बदला, जे बदलाल त्याची नोंद ठेवा, आणि बदल पुन्हा उलटवता येईल असा करा. स्मारकांच्या जतनातला विचारच येथे मोटारींना लावलेला आहे. तत्त्व म्हणून ते मान्य करावे. पण आजच्या स्पर्धांतून बक्षिसे मिळतात ती आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्यांना, आणि त्या मोहापायी एखाद्या मच्छीमाराने आत कोरलेली नावे, झिजलेली पायरी, टपाल खात्याच्या अक्षरांचा पुसट ठसा हे सगळे रंगाखाली जाते. कारखान्यातून निघाली तेव्हासुद्धा ही गाडी इतकी चकाकत नव्हती.

एवढी मोठी गाडी ठेवायला जागा नाही, खिसाही परवानगी देत नाही, असे हौशी पुष्कळ. त्यांच्यासाठी बम्बार्डियर यांचेच दुसरे अपत्य आहे: १९५९ मध्ये आलेली एक-दोन माणसांची हलकी ‘स्की-डू’. साठ-सत्तरच्या दशकांतल्या या गाड्या गॅरेजच्या एका कोपऱ्यात मावतात. त्यांतली रोटॅक्सची टू-स्ट्रोक इंजिने जुन्या बजाज स्कूटरच्या धर्तीवर तेलमिश्रित पेट्रोलवर चालतात, आणि चाल देणारी पट्टा-पुलीची स्वयंचलित यंत्रणा ज्यांनी कायनेटिक होंडा उघडली आहे त्यांच्या लगेच ध्यानात येते. नवशिक्याने येथे एकच गोष्ट विसरू नये. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँकच्या कप्प्यातून जाते. क्रँकची सुकलेली रबरी सील बाहेरची हवा आत घेऊ लागली की मिश्रण पातळ होते, इंजिन आधी छान जोरात पळते आणि मग दट्टा जळतो. पहिल्या फेरीला अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने गाडी पळाली तर आनंद न मानता इंजिन बंद करावे. (ही शाखा २००३ मध्ये मूळ कंपनीपासून वेगळी झाली, स्की-डू आजही निघतात, पण त्या ‘बीआरपी’ या नावाने.)

बम्बार्डियर १९६४ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कर्करोगाने गेले. वाल्कूरला १९७१ पासून त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे आणि १९२६ चे ते गॅरेजही तिथे जपून ठेवले आहे. संग्रहालयातल्या गाड्या निष्कलंक आहेत. पण बी-१२ कशी असते हे ज्याला खरोखर पाहायचे आहे त्याने मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग सरोवराची माहिती काढावी. तिथले व्यावसायिक मच्छीमार हिवाळ्यात जाळी ओढायला या गाड्या दशकानुदशके वापरत आले. त्यांनी त्यांचे ‘पुनरुज्जीवन’ कधी केले नाही, नुसत्या दुरुस्त्या केल्या. एका हिवाळ्यात पट्टा, दुसऱ्यात इंजिन, तिसऱ्यात अर्धी बाजू नव्या फळ्यांची. मूळ गाडीतले किती उरले याचा हिशेब त्यांच्याकडे नसतो, पण बर्फाच्या जाडीचा असतो. मोटारीएवढ्या वजनाला निदान पंचवीस सेंटिमीटर स्वच्छ, घट्ट बर्फ हवा, आणि प्रवाहावरचा किंवा वसंतातला पांढरट बर्फ तेवढाच जाड असला तरी भरवशाचा नसतो, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक असते.

बी-१२ च्या छताला एक झडप असते. गाडी बर्फ फोडून पाण्यात गेली, तर दारे पाण्याच्या दाबाने उघडत नाहीत. त्या वेळी वरून बाहेर पडण्यासाठी ती ठेवलेली आहे. छत नव्याने घालताना ती बुजवण्याचा मोह होतो, कारण तिच्या कडेने पाणी झिरपते आणि खालचे नवे लाकूड खराब होते. ती तशीच राहू द्यावी, भोवती नवे रबर लावावे आणि पहिल्या फेरीला निघण्यापूर्वी आतून, हातमोजे घालून, ती एका झटक्यात उघडते की नाही हे पाहून घ्यावे.